उस्ताद, बोल्ट हलतोय

मी जात्याच घाबरट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येणार, कुलूप ओढून बघणार, आणि कोपऱ्यावर पोचले की पुन्हा वाटणार, ओढलं होतं ते आपलंच ना? स्टोव्हची हवा सोडली का ते बघायला एकदा मी एसटी स्टँडावरून घरी परत आले होते. आई म्हणायची, "मन चिंती ते वैरी न चिंती, अशी तुझी गत. सासरचे दोन दिवसांत परत आणून सोडतील." कॉलेजातल्या मुली तर मला सरळ शंकासुर म्हणायच्या. असल्या मुलीनं रायफल हातात घ्यायचीच कशाला, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

घेतली ती मैत्रिणीपायी. ही माझी मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि ओट्यावर दिवसभर मागाची खटखट. त्यामुळे ती नेहमी मोठ्यांदा बोलायची आणि मोठ्यांदाच हसायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलींचं कॅडेट पथक सुरू झालं, तेव्हा तिनं स्वतःचं नाव दिलं आणि खाली माझंही लिहून टाकलं. मला न विचारता! मी भांडले तर म्हणाली, "अगं, तुझी भीती मोडंल की." भीती मोडली नाहीच. पण खाकी सलवार-कमीज मात्र मला बरी दिसायची, हे कबूल केलं पाहिजे.

आम्हाला शिकवायला लष्करातला एक हवालदार होता. करमाळ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला. त्याला सगळ्या 'उस्ताद' म्हणायच्या. परेडवर हिंदीत ओरडायचा आणि परेड सुटली की गावाकडचं बोलायचा. माणूस मायाळू होता, पण त्याला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणं. आणि मी तर तेवढ्याचसाठी जन्माला आलेली.

आमच्याकडे आठ रायफली होत्या, लहान गोळीच्या, सरावासाठीच्या. रायफलीच्या मागच्या भागात एक लोखंडी दांडा असतो, तो बोल्ट. मूठ वर उचलून तो मागे ओढायचा, गोळी आत ठेवायची, मग पुढे ढकलून मूठ खाली पाडायची. गोळी उडते तेव्हा तिच्या बुडाला मागून घट्ट दाबून धरायचं काम त्याचं. चोरीची भीती म्हणून रायफली एका खोलीत साखळीनं बांधलेल्या आणि बोल्ट उस्तादांच्या कपाटात, कुलपात. प्रत्येक बोल्ट तेलकट फडक्यात गुंडाळलेला आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, एक ते आठ. शिवाय बोल्टच्या मुठीवर एक लांबलचक नंबर कोरलेला असायचा, तोच त्याच्या रायफलीवरही असायचा. ज्याचा त्याला. उस्ताद म्हणायचे, "याचा बोल्ट त्याला चालत न्हाय. बसतो, पर चालत न्हाय." आम्ही वहीत लिहून घेतलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची ठरली. उस्तादांच्या पलटणीत ती मोठी व्हायची म्हणे, त्यामुळे त्यांना उत्साह. आणि आम्हा मुलींना तर विचारूच नका. पूजा म्हटल्यावर आम्ही ती हातात घेतली. खोली धुतली, दारात रांगोळी काढली, झेंडूची तोरणं बांधली. रायफली सतरंजीवर ओळीनं मांडल्या. बोल्टांचं काय करायचं? मी म्हटलं, मी करते. घरून मोठं पितळी तबक आणलं होतं, चिंचेनं लख्ख घासून. फडकी सोडली, चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि त्या तबकात आठही बोल्ट गोल मांडले, मुठी बाहेर, मध्ये नारळ. जे चकचकीत होते ते पुढे घेतले, काळे पडलेले मागे सारले. काय सुंदर दिसलं होतं! प्रिन्सिपॉलबाईसुद्धा "वा" म्हणाल्या. मग प्रत्येक मुलीनं येऊन हळद-कुंकू वाहिलं. तेलकट लोखंडावर ते असं काही बसलं की मुठी लालभडक झाल्या.

पेढे वाटून झाल्यावर आवराआवरी माझ्याकडेच आली. उस्ताद प्रिन्सिपॉलबाईंना दारापर्यंत सोडायला गेले होते. चिठ्ठ्या तेलानं खराब झाल्या होत्या, म्हणून मी नव्या लिहिल्या, सुरेख अक्षरात. वरून सुरुवात केली आणि घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरत एकेक बोल्ट वरवर पुसून, गुंडाळून चिठ्ठी बांधत गेले. एक, दोन, तीन. मैत्रीण शेजारी बसून नारळ फोडत होती. ती म्हणाली, "मुठीवरचे नंबर बघून बांध गं. कुंकवात काही दिसंना झालंय."

मी म्हटलं, "मी मांडलेत ना? मला पाठ आहेत."

मी! कुलूप तीनदा ओढून बघणारी! बाहेर वडील सायकल घेऊन थांबले होते, सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाच्या भरात माझी जन्माची शंका कुठं पळाली कोण जाणे. तबक मांडताना बोल्ट मी शोभेप्रमाणे इकडचे तिकडे केले होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरी आले, पुरणपोळी खाल्ली आणि शांत झोपले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी फायरिंग होतं. शहराबाहेरच्या माळावर मातीचा उंच बांध घातलेला, त्याच्यापुढे पुठ्ठ्याची लक्ष्यं, दोन्ही टोकांना लाल निशाणं. ऑक्टोबरचं ऊन सकाळी नवालाच डोक्यावर बसलं होतं. त्या दिवशीच्या नेमबाजीवरून दोन मुली पुण्याच्या शिबिरासाठी निवडायच्या होत्या. मैत्रिणीचा नेम आमच्यात सगळ्यात चांगला. तिच्या वडिलांनी, निवड झाली तर पाठवतो, असा शब्द दिला होता. ती सकाळपासून हवेत होती. "पुण्याहून मी तुला पत्र टाकीन, पत्त्यावर शंकासुर लिहीन," असं काहीबाही बडबडत होती.

उस्तादांनी कपाटातले बोल्ट घालून आणलेली पेटी उघडली. आम्ही चिठ्ठ्या बघून बोल्ट काढले आणि ज्या त्या रायफलीत बसवले. सगळे नीट आत गेले. मग आधी कोरा सराव, गोळीशिवाय. मी सहा नंबरच्या रायफलीवर पालथी पडले, बोल्ट मागे ओढला आणि तिथंच थांबले. बोल्ट हलत होता. खाली-वर, डावी-उजवी, खुळखुळत होता.

मी हात वर केला. "उस्ताद, बोल्ट हलतोय."

उस्ताद आले, माझ्या शेजारी उकिडवे बसले. "बंद हाय का उगडा?"

"उघडा."

"मग हालनारच की! चाक आसावर जरा सैल नसलं तर गाडी चालंल व्हय? मूठ पाडली की घट्ट हुतंय. लई इचार करू नगं, पोरी."

मुली हसल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यांदा माझी मैत्रीण हसली. मीही हसले, काय करणार. मूठ पाडली. हलणं थांबलं. हुश्श केलं.

पण मला कुठलं स्वस्थ बसवतंय! मी बंद बोल्ट अंगठ्यानं मागून पुढे दाबला. अगदी किंचित, नखाएवढंसुद्धा नाही, पण तो सरकला. सोडला की परत मागे. टिक्. पुन्हा दाबला. टिक्. आधीच्या महिन्यात याच रायफलीवर सराव केला होता, तेव्हा असं काही झाल्याचं आठवत नव्हतं. की झालं होतं आणि मी लक्ष दिलं नव्हतं?

पुन्हा हात वर. "उस्ताद, बंद केल्यावरही हलतोय."

आता त्यांच्या कपाळावर आठी चढली. तरी आले. मूठ धरून खाली-वर करून बघितली, मागून दाबून काही बघितलं नाही. "जुनी रायफल हाय. एवढं तेवढं चालतं. तुज्यागत शंका काडत बसलो असतो तर आमी लढाईतनं माघारीच आलो नसतो." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता कुनी शंका काडंल, ती उनात, त्या वाळल्या झाडाखाली हुबी ऱ्हाईल. फायरिंग न्हाय करायचं." मुलींना तर हसायला निमित्तच हवं होतं. कुणीतरी "बोल्टबाई" म्हटलं. माझे कान तापले.

मग पहिल्या तुकडीचा पुकारा झाला. मी दुसऱ्या तुकडीत होते, त्यामुळे उठून मागे दहा पावलांवर इतरांबरोबर बसले. सहा नंबरच्या रायफलीवर माझी मैत्रीण येऊन पडली.

ती रायफल माझ्याच वाट्याला राहिली असती तर मी गुपचूप पोटदुखीचं निमित्त काढून मोकळी झाले असते. पण आता त्या रायफलीला गाल टेकून मैत्रीण पडली होती, उजवा डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर. सांगू का? काय सांगणार? दोनदा सांगून झालं. उस्ताद लष्करातले, त्यांना कळत नाही आणि मला कळतं? आणि फायरिंग थांबलं, तिचा जमलेला नेम मोडला, पुणं हुकलं, तर ती जन्मात बोलणार नाही माझ्याशी. मनाशी असा सगळा हिशेब चालू होता, आणि हात मांडीखाली दाबून धरले होते.

पहिली गोळी. बाकी सातांचा आवाज एकसारखा कोरडा, तिचा थोडा फुसका वाटला. वाटला की होता? तिनं बोल्ट मागे ओढला, दुसरी गोळी भरली. ही उडाल्यावर तिनं गाल खांद्याला पुसला. घाम असेल, मी म्हटलं. ऊन किती आहे!

आणि मग मी उठले. खरंच उठले, अर्धी. गुडघे जमिनीवरून सुटले होते, तोंड उघडलं होतं. मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. "बस गं बोल्टबाई, आम्हालाही त्या झाडाखाली उभं करशील." तीन-चार जणी खुसखुसल्या.

मी बसले.

तिसरी गोळी. मैत्रिणीनं रायफल हळूच खाली ठेवली. ती ओरडली नाही, नुसती "अम्मा" म्हणाली आणि उजवा तळहात डोळ्यावर दाबून कुशीवर वळली. मग मी धावले, नियम गेले चुलीत. उस्ताद "रोको! रोको!" ओरडत आले. तिचा हात बाजूला केला तर भुवईपासून गालापर्यंत काळे बारीक ठिपके उठलेले, आणि डोळा घट्ट मिटलेला. त्यातून पाण्याच्या धारा. मी पाण्याची कळशी आणली, आम्ही डोळ्यावर पाणी मारत राहिलो. ती म्हणत होती, "दिसंना. काहीच दिसंना गं."

जीप येईपर्यंत उस्तादांनी सहा नंबरचा बोल्ट बाहेर काढला. रिकाम्या गोळीचं बूड फाटलेलं होतं. खिशातला रुमाल काढून त्यांनी मूठ घासली. खाचांतून कुंकू निघालं, ओलं, गुलाबी. मग नंबर दिसला. त्यांनी रायफलीवरचा नंबर वाचला. पुन्हा बोल्टवरचा वाचला. मग एकेक करत आठही रायफली बघितल्या. पाच बोल्ट भलतीकडेच होते.

"चिट्ट्या कुनी लिवल्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी बोल्ट रुमालात गुंडाळून खिशात घातला. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. एका बाकावर तिचे आईवडील, दुसऱ्यावर आम्ही. तिथं उस्तादांनी मला सगळं समजावून सांगितलं. खरं तर ते मला सांगत होते की स्वतःला, मला कळत नव्हतं. उघडा बोल्ट हलतो, त्यात वावगं काही नाही. मूठ पाडल्यावरही जुन्या रायफलीत मूठ एवढीतेवढी हलते, तेही चालतं. पण बोल्ट ज्याचा त्याला घासून जुळवलेला असतो. दुसऱ्याचा बसवला तर मागे केसाएवढी फट राहते. मग गोळीच्या बुडाला टेकण राहत नाही, ते फाटतं, आणि आतला जाळ मागे येतो. "तू म्हनलीस मागं-फुडं हालतोय," ते म्हणाले, "म्या खाली-वर बघितलं."

"मी मागे-पुढे असं म्हटलं नव्हतं उस्ताद. नुसतं हलतोय म्हटलं."

"मग म्या इचारायचं हुतं. आन् नंबर वाचून बोल्ट चढवायचा, हे बी माजंच काम हुतं."

चौकशीला लष्कराचे साहेब आले तेव्हा उस्तादांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. पूजेचं, तबकाचं, माझ्या सुरेख अक्षराचं नावसुद्धा काढलं नाही. दिवाळीच्या आत त्यांची बदली झाली. जाताना भेटायला आले नाहीत आणि मीही स्टेशनवर गेले नाही. मला तोंड नव्हतं.

डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. वाचला म्हणजे राहिला जागेवर. पण त्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा ठिपका. त्या डोळ्यानं तिला धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. पुण्याला दुसऱ्याच दोघी गेल्या.

तीन आठवडे मी तिच्या घरी गेले नाही. रोज निघायची आणि वाटेतून परत यायची. शेवटी आईनं हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाली, "आता तुझी तू जा. हात दाखवून अवलक्षण केलंस, निदान तोंड तरी दाखव." ओट्यावर माग चालू होता. तिचे वडील मान खाली घालून विणत होते, मला बघून त्यांनी नुसती आत जायची खूण केली. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून मागाच्या सुताच्या रिकाम्या कांड्या निवडत बसली होती. हिरवी पट्टी होती डोळ्यावर.

मी सगळं पाठ करून गेले होते. बसले आणि भडाभडा सांगितलं. चिठ्ठ्या मी बांधल्या, तू नंबर बघ म्हणालीस ते मी ऐकलं नाही, तबक शोभेसाठी फिरवलं. रडत रडत सांगितलं. ती कांड्या निवडतच राहिली.

"ते मला माहितेय," ती म्हणाली. "मी तिथंच होते की. चूक झाली. ती कुणाच्याही हातनं होती." मग तिनं चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "मला दुसरंच सांग. तुला बोल्टाचं कळलं होतं ना?"

"शंका होती. खात्री नव्हती."

"तुला खात्री कधी असती? मी त्या रायफलीवर जाऊन पडले, तेव्हाही शंका होती ना?"

"होती."

"दुसरी गोळी उडाली तेव्हा?"

"होती."

"मग तिसऱ्यांदा का नाही ओरडलीस?"

उस्तादांनी दम दिला होता, तुझा नेम मोडला असता, तुझं पुणं हुकलं असतं. तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगत होते आणि ते सगळं जिभेवर तयार होतं. पण तिच्यासमोर बसून ते बोलवेना.

"सगळ्या हसल्या असत्या," मी म्हटलं.

बाहेर माग थांबला होता. दोरा तुटला असेल.

"हसलो असतो की," ती म्हणाली. "मग?"

तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आत आली, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.